रेघ थरथरू नये म्हणून

संध्याकाळी मोबाइलवर टिपलेला ढोल-ताशा पथकाचा सराव हाताने रेखाटल्यासारखा दिसावा, यासाठी मी एफएफएमपेग वापरतो. फाब्रिस बेलार्ड यांनी 2000 साली सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. त्या ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिलेले फिल्टर त्याच क्रमाने प्रत्येक फ्रेमवर चालतात. माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य त्या क्रमात आहे.

रेखाटनाचा फिल्टर म्हणजे एजडिटेक्ट. जॉन कॅनी यांनी 1986मध्ये मांडलेल्या पद्धतीने तो कडा शोधतो. शेजारच्या बिंदूंमधला उजेड जिथे एकदम बदलतो, तिथे कडा. त्याला दोन मर्यादा द्यायच्या असतात. वरच्या मर्यादेपलीकडचा बदल म्हणजे पक्की कडा, खालच्या मर्यादेच्या आतला सोडून द्यायचा, आणि मधला पक्क्या कडेला लागून असेल तरच ठेवायचा. एरवी काळ्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. त्यातला कलरमिक्स हा पर्याय निवडला की त्या मूळ रंगांत मिसळतात आणि दृश्य रंगवल्यासारखं होतं.

एकाच फ्रेमवर हे फार सुंदर दिसतं. ढोलाच्या दोऱ्या, फेट्याच्या घड्या, सगळं उठून येतं. दृश्य चालू केलं की मात्र रेघा थरथरू लागतात. कमी उजेडात कॅमेरा बारीक दाणे उमटवतो आणि ते दर फ्रेमला जागा बदलतात. एजडिटेक्टला मागची फ्रेम आठवत नाही. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर एका मिनिटात 1500 रेखाटनं होतात आणि प्रत्येक वेळी रेघ नव्याने ओढली जाते. मर्यादा वाढवल्या तर दाण्यांबरोबर दोऱ्याही जातात.

म्हणून एजडिटेक्टच्या आधी एचक्यूडीएनथ्रीडी हा फिल्टर हवा. तो शेजारचे बिंदू आणि मागच्या फ्रेम दोन्ही पाहून दाणे शांत करतो. त्याचा जोर बेतानेच ठेवावा. जास्त झाला की वादकाच्या हातातलं टिपरू हवेत फिरताना मागे पुसट सावली ओढत जातं. ते मला थरथरण्याहूनही वाईट वाटतं, कारण ढोलाचा जीव त्या हातात आहे.

जुन्या चित्रपटाचा दाणेदारपणा हवा असेल, तर नॉइज फिल्टर एजडिटेक्टच्या नंतर. आधी लावला तर दाण्यांच्याही रेघा होतात. त्यात दर फ्रेमला दाणे बदलण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर ते काचेवरच्या धुळीसारखे एकाच जागी बसून राहतात.

सगळ्यात शेवटी फॉरमॅट वाययूव्ही420पी असं सांगावं. कलरमिक्सनंतर ते विसरलं, तर तयार झालेली फाइल पुष्कळ फोनांवर उघडत नाही. आवाज जसाच्या तसा कॉपी करता येतो.

संपूर्ण चित्रफितीवर ओळ चालवण्याआधी सर्वांत जास्त हालचालीची पाच सेकंदं निवडा आणि त्यांवर ती तपासा. मूळ फाइल जपून ठेवा. रेखाटलेल्या फितीतून ती परत मिळत नाही.