हनुमान आखाड्याची कीर्ती आणि तिचे दाखले

पश्चिम खानदेशातले नंदुरबार आणि वऱ्हाडातली अमरावती यांच्यामध्ये १९३६ साली केवळ अंतरच नव्हते, तर मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड अशी अंमलाची सरहद्दही होती. तथापि अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची, म्हणजेच हनुमान आखाड्याची, कीर्ती अशा सरहद्दी जुमानणारी नव्हती, आणि तोंडोतोंडी फिरताना तीत ज्या काही गोष्टी मिसळल्या, त्यांची शहानिशा नंदुरबारच्या तालमीत बसूनही करता येण्यासारखी आहे.

गैरसमज : मल्लखांबाचा जन्म याच आखाड्यात झाला.

वस्तुस्थिती : वैद्य बंधूंनी हा आखाडा १९१४ साली स्थापिला; त्यापूर्वी सुमारे शतकभर, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले होते, आणि मल्लस्तंभाचा निर्देश तर चालुक्य नृपती सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथापर्यंत मागे नेता येतो. अमरावतीकडे जनकत्व नसून प्रसारकत्व आहे, आणि ते मंडळाच्या नावातच नमूद आहे.

गैरसमज : १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हुतूतू हा अधिकृत क्रीडाप्रकार होता.

वस्तुस्थिती : मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि तेथे त्याने देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, ही गोष्ट निर्विवाद आहे, परंतु त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रात्यक्षिक म्हणून अधिकृतपणे अंतर्भूत झालेले खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे होते, आणि हिंदुस्थानच्या पदरी पडलेले एकमेव पदक हॉकीचे होते. स्पर्धेबाहेरचा सन्मान स्पर्धेच्या खात्यावर जमा केल्याने त्याचे मोल वाढत नाही.

गैरसमज : आखाडा म्हणजे कुस्तीचा हौदा आणि एका वस्तादाची गादी.

वस्तुस्थिती : कुस्तीबरोबर लाठी, लेझीम, मल्लखांब आणि आसने यांना येथे स्थान मिळालेच, परंतु त्याहून दूरगामी गोष्ट ही की, उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचे वर्ग भरवून, आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय चालवून, मंडळाने वस्तादाच्या हयातीवर अवलंबून असलेली विद्या क्रमवार अभ्यासक्रमात बसविली. वस्ताद गेला की बंद पडणाऱ्या तालमी महाराष्ट्रात थोड्या झाल्या नसतील. म्हणूनच खानदेशात तालीम उभारू पाहणाऱ्याने बर्लिनच्या कथेपेक्षा या व्यवस्थेचे अनुकरण करावे, आणि मल्ल घडविण्याच्या आधी शिकविणारे घडविण्याची तजवीज करावी.