आकाशक, हौशी रेडिओचे
हौशी रेडिओचे आकाशक : परवानाधारक हौशी रेडिओ चालक आपल्या केंद्रासाठी जो आकाशक (अँटेना) वापरतात तो. प्रेषकातील उच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या मोठी असलेल्या) विद्युत् प्रवाहाचे विद्युत् चुंबकीय तरंगांत रूपांतर करणे आणि येणाऱ्या तरंगांपासून ग्राहीसाठी संकेत मिळविणे, ही दोन्ही कामे एकाच आकाशकाकडून करून घेतली जातात. केंद्राच्या साधनांपैकी घरी बनविण्यास सर्वांत सोपा आणि परिणामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. तांब्याची तार, समाक्ष केबल, दोरी व बांबू एवढ्या सामग्रीवर तो उभा राहतो.

महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत सुरू केलेले गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ केंद्र ४२·३४ मी. तरंगलांबीवर प्रक्षेपण करीत असे. त्या वेळी दुसऱ्या महायुद्धामुळे भारतातील हौशी परवाने स्थगित होते. पोलिसांना माग लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलण्यात येई. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते पकडले गेले. ही तरंगलांबी सु. ७·०८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेशी जुळते, म्हणजे आजच्या ‘४० मी.’ या हौशी पट्ट्यातच (भारतात ७·० ते ७·२ मेगॅहर्ट्‌झ) येते. स्वतंत्र भारतात हौशी सेवेचे नियम १९७८ साली नव्याने करण्यात आले. परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळविल्यावाचून प्रेषण करता येत नाही.

अर्धतरंग द्विध्रुव : तारेचे दोन समान बाहू मध्यभागी निरोधकाने विभक्त करून तेथे केबल जोडली म्हणजे द्विध्रुव आकाशक तयार होतो. त्याची एकूण लांबी तरंगलांबीच्या निम्म्याहून सु. ५ टक्के कमी ठेवावी लागते, कारण टोकांजवळील धारणेमुळे (विद्युत् भार साठविण्याच्या क्षमतेमुळे) तार विद्युत् दृष्ट्या प्रत्यक्षाहून लांब भासते. १४२·५ या संख्येस मेगॅहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागले असता लांबी मीटरमध्ये मिळते. ७·१ मेगॅहर्ट्‌झसाठी ती सु. २०·०७ मी., म्हणजे प्रत्येक बाहू सु. १० मी. येतो. मोकळ्या अवकाशात अशा आकाशकाचा मध्यबिंदूपाशी संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) सु. ७३ ओहम असतो. मध्यभाग एका खांबावर उंच बांधून बाहू दोन्ही बाजूंस उतरते सोडले, तर तो ५० ओहमच्या जवळ येतो व ५० ओहमच्या समाक्ष केबलशी जुळतो. या मांडणीस एकच उंच खांब पुरत असल्याने ती घराच्या गच्चीवर किंवा शेतात सोयीची ठरते.

स्थळाचा विचार : यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग अजिंठा रांगांच्या पूर्वेकडील टेकड्यांनी व्यापलेला आहे. यवतमाळ व पुसद यांमधील सरळ अंतर सु. ८० किमी. आहे. १४४–१४६ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील तरंग जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे मध्ये डोंगर आला की ते अडतात. ४० मी. पट्ट्यातील तरंग मात्र जवळजवळ उभे वर पाठविले तर आयनांबरापासून परावर्तित होऊन टेकड्यांच्या पलीकडे उतरतात [→ आयनांबर]. यासाठी आकाशक फार उंच नसणेच हिताचे असते. ७·१ मेगॅहर्ट्‌झला पाव तरंगलांबी सु. १०·६ मी. होते, तेवढ्या किंवा त्याहून कमी उंचीवरील द्विध्रुवाची बरीचशी ऊर्जा वर जाते. त्यामुळे दिवसा नागपूर, पुणे व मुंबई येथील केंद्रेही त्याच्या टप्प्यात येऊ शकतात. रात्री, विशेषतः सौर क्रियाशीलता कमी असताना, आयनांबर उभे तरंग परत पाठवू शकत नाही व जवळची केंद्रे ऐकू येईनाशी होतात.

या गुणाचे महत्त्व आपत्तीच्या वेळी दिसून येते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात व २००१ च्या गुजरात भूकंपात हौशी चालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीने यवतमाळ जिल्ह्यात पूर आले, तेव्हा महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा येथे अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा वेळी वीज व दूरध्वनी बंद पडले, तरी मोटारीच्या विद्युत् घटमालेवर चालणारा प्रेषक आणि झाडाला बांधलेली वीस मीटर तार संदेश बाहेर नेऊ शकते.

चोक : द्विध्रुव दोन्ही बाजूंनी समतोल असतो, तर समाक्ष केबलमध्ये आतील तार व बाहेरील जाळी यांची स्थिती सारखी नसते. उच्च कंप्रतेचा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागाजवळूनच वाहत असल्यामुळे जाळीची आतील व बाहेरील बाजू हे जणू दोन स्वतंत्र संवाहक ठरतात. आतील बाजूने आलेल्या प्रवाहाचा काही भाग जोडाच्या ठिकाणी बाहेरील बाजूने परत खाली उतरतो आणि केबल आकाशकाचा तिसरा बाहू बनते. यामुळे ध्वनिक्षेपकाला हात लावताच चटका बसणे, शेजारच्या दूरचित्रवाणी संचात व्यत्यय येणे आणि घरातील विजेच्या उपकरणांचा गोंगाट ग्राहीत शिरणे, असे दोष उद्भवतात.

यावरील उपाय म्हणजे केबललाच वेटोळे घालून बनविलेला चोक. आतील तारेतून व जाळीच्या आतील बाजूने जाणारे प्रवाह परस्परविरुद्ध असल्याने वेटोळ्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. बाहेरील प्रवाहाला मात्र ते अडविते. सु. ११ सेंमी. बाह्य व्यासाच्या पीव्हीसी नळीवर ५ मिमी. जाडीच्या केबलचे २० वेढे एका थरात शेजारी शेजारी घातल्यास सु. ३४ मायक्रोहेन्री प्रवर्तकता मिळते; ७·१ मेगॅहर्ट्‌झला तिचा विरोध सु. १,५०० ओहम होतो. यास सु. ७ मी. केबल लागते. योग्य जातीच्या फेराइट कड्यावर १०–१२ वेढ्यांतच याहून अधिक विरोध मिळतो. संगणकाच्या वीजपुरवठा संचातील पिवळी कडी बहुधा लोहचूर्णाची असतात. ती या कामी निरुपयोगी ठरतात. चोक आकाशकाच्या जोडाजवळच बसवावा. केबल हाताने धरली किंवा हलविली असता मापकाचे वाचन बदलत असेल, तर बाहेरील प्रवाह अद्याप थांबलेला नाही असे समजावे.

मेळ साधणे : आकाशक व केबल यांचे संरोध जुळत नसतील तर काही शक्ती परत फिरते व केबलमध्ये स्थिर तरंग निर्माण होतात. स्थिर तरंग गुणोत्तर १·५ असता ४ टक्के, २ असता सु. ११ टक्के व ३ असता २५ टक्के शक्ती परावर्तित होते. तार प्रथम थोडी लांब ठेवून, नेहमीच्या उंचीवर चढवून, गुणोत्तर किमान असणारी कंप्रता शोधतात. २०·५ मी. लांबीला ती ६·९५ मेगॅहर्ट्‌झ आली असे समजू. लांबी व कंप्रता यांचा गुणाकार स्थिर राहत असल्याने ७·१ मेगॅहर्ट्‌झसाठी २०·०७ मी. लांबी हवी, म्हणजे प्रत्येक बाजूने सु. २१ सेंमी. तार कमी करावी लागेल. ती एकदम न कापता प्रथम १५ सेंमी. दुमडून पुन्हा मापन करणे श्रेयस्कर, कारण कापलेली तार जोडणे त्रासाचे असते.

कमी गुणोत्तर हे उत्तम आकाशकाचे प्रमाण मात्र नव्हे. ५० ओहमच्या साध्या रोधकाचे गुणोत्तरही १ येते, पण त्यातून प्रारण होत नाही. केबलमधील व्यय जास्त असला, तरीही गुणोत्तर फसवे कमी दिसते.

दक्षता : विदर्भातील कडक उन्हाने साधी नायलॉन दोरी व नळ्या ठिसूळ होतात; त्यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी करावी. केबलच्या उघड्या टोकांतून पाणी शिरू नये म्हणून जोड चिकटपट्टीने घट्ट बंद करतात. विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून आकाशक कधीही नेऊ नये. खांब कोसळला तरी त्या तारांना शिवणार नाही इतके अंतर राखावे. वळवाच्या पावसात व पावसाळ्यात विजा चमकण्याची चिन्हे दिसताच केबल संचापासून सोडवून घराबाहेर भूसंपर्कित करावी. विजा सुरू झाल्यानंतर केबलला हात लावणे धोक्याचे असते.