मगनदीप आणि आजचें घर

१९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें, कुमारप्पांच्या देखरेखीखालीं, वर्ध्याच्या मगनवाडींत मगनदीप तयार केला. तो रॉकेलऐवजीं घाण्याच्या तेलावर जळे. उजेडासाठीं दूरच्या कंपनीकडे पाहावें लागूं नये, हा हेतु. आज फोनवरून दिवे लावणाऱ्या गृहस्थानेंही दुकानदारास विचारावें, हा दिवा कोणाच्या भरंवशावर लागणार? अमेरिकेंत रिव्हॉल्व्ह नांवाचें असें गृहयंत्र विकलें गेलें. मे २०१६ मध्यें मालकांनीं आपला दूरस्थ संगणक बंद करतांच पैसे मोजून घेतलेलीं तीं यंत्रें निरुपयोगी झालीं! उलट, होम असिस्टंट ही मोफत प्रणाली घरांतल्याच लहानशा संगणकावर, मासिक वर्गणीवांचून चालते. तिला झिग्बी या बिनतारी पद्धतीचीं बटणें जोडलीं, कीं इंटरनेट तुटलें तरी दिवा लागतो. मांडणीस मात्र चिकाटी हवी. आणि भिंतीवरचें साधें बटण काढूं नये; वृद्धांस तेंच सोयीचें.