‘लायसन लागत नाही’ म्हणणारी ई-स्कूटर

सोयाबीनचे पैसे हाती आले की घरात गाडीचा विषय निघतोच. दुकानदार म्हणतो, “ताई, हिला ना लायसन लागत, ना पासिंग.” हे खरं आहे, पण अर्धंच.

ही सूट फक्त हळू चालणाऱ्या गाडीला आहे. तिच्या मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असावं लागतं. तसा तपासणी संस्थेचा दाखलाही हवा. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. त्या दाखल्याची प्रत मागा, आणि बिलावरचं मॉडेल तेच आहे का ते बघा.

खरी गोम पुढे आहे. काही ठिकाणी हीच गाडी आतून फेरफार करून जोरात पळवतात. मग सूट संपली! अशा गाड्यांवर कारवाई करायला राज्याच्या परिवहन विभागानं 2022 मध्येच सांगितलं होतं. वाशीम-हिंगोली रस्त्यावर अशा गाडीनं कुणाला धडक दिली, तर विमा नसल्यामुळे भरपाई मालकाच्या खिशातून जाते. बायांनो, गाडी आपल्या नावावर घेतली असेल तर तो खिसा आपलाच.

जास्त वेगाच्या गाडीला एमएच 37 चा नंबर, हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, लायसन, विमा आणि हेल्मेट हे सगळं लागतं. बिगर-लायसनच्या पोराच्या हाती गाडी दिली, तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता बॅटरी. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. भाजलेलं सात वर्षांचं लेकरू पुढे दगावलं. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी गाड्या पेटल्या, म्हणून सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. त्या डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल, तर मी तरी दहादा विचार करीन.

चार्जिंग जागेपणी करा, निजायच्या खोलीत नको, दारातल्या वाटेत तर नकोच. पेट घेतला तर बाहेर पडायचं कुठून? उन्हातून आलेली गाडी आधी सावलीत थंड होऊ द्या. चार्जर कंपनीचाच वापरा. पंख्याच्या बोर्डातून लांब वायर ओढू नका, अर्थिंगचा वेगळा पॉइंट काढून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता.

बॅटरी फुगली, वास आला, सूं-सूं आवाज आला तर हात लावू नका. जमलं तर मेन स्विच बंद करून आधी लेकरं-म्हातारी बाहेर काढा आणि 101 ला फोन करा. कुणी भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका, आणि 108 ची गाडी बोलवा.