कट्ट्यावरचे मत आणि बियाण्याची पावती

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता सिल्लोड या तालुक्याच्या गावातून जातो. लेणी पाहावयास निघालेले प्रवासी येथे चहापुरते थांबतात आणि पुढे मार्गस्थ होतात. शेजारच्या बाकावर चाललेल्या संभाषणाकडे त्यांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. परंतु शासनाचे निर्णय लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते संभाषण अवश्य ऐकावे. कापूस, मका आणि मिरची पिकविणाऱ्या या तालुक्यात व्यापारविषयक बातमी ही दूरची बातमी नसते. आयात शुल्क, कपाशीचे नवे वाण, बियाण्याचा दर, मोबाईलवरील नवे ॲप, यांपैकी कशाचीही बातमी वर्तमानपत्रात आली की तासाभरात तिच्यावर दहा मते तयार होतात. ती तिखट असतात, पुष्कळदा एकांगी असतात, काही वेळा साफ चुकीचीही असतात. निरर्थक मात्र ती क्वचितच असतात.

कचेरीत बसून अशा मतांना ‘गैरसमज’ म्हणणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकानेही तसे केलेले आहे. गेल्या दोन तपांतील कपाशीची कहाणी पाहिली, तर या मतांमध्ये खरे किती होते आणि त्यांतील कोणते मत फळास आले, याचा बोध होतो.

दार कधी उघडले?

अलीकडची बातमी प्रथम घेऊ. केंद्र शासनाने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. ही सवलत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. अमेरिकेने भारतीय मालावर लादलेल्या ५० टक्के शुल्कामुळे अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगास स्वस्त कापूस मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

कट्ट्यावरची प्रतिक्रिया एका वाक्यात सांगता येईल : “इकडं कापूस वेचायला आला अन् तिकडं दार उघडलं.” या मतास तारखांचा आधार होता, हे मान्य केले पाहिजे. पहिली मुदत नवा कापूस बाजारात येण्यापूर्वी संपत होती. वाढीव मुदत मात्र नेमकी वेचणीच्या महिन्यांवर आली. जिरायती शेतकऱ्यास दिवाळीच्या सुमारास पैशाची निकड असते. त्याच काळात गिरणीस परदेशी गाठी विनाशुल्क मिळू लागल्या, तर भावावर दडपण येणार, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

याच मताचा दुसरा भाग चुकीचा होता. शुल्क गेले म्हणजे हमीभावही गेला, असे काही ठिकाणी बोलले गेले. तसे नव्हते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये हमीभाव जाहीर झालेला होता व भारतीय कपास निगमाची खरेदीही होणार होती. मात्र त्या खरेदीस दोन अटी होत्या. पहिली अट ओलाव्याची. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण भाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून अधिक ओला कापूस परत. दुसरी अट ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करण्याची. सातबारा, पीकपेऱ्याची नोंद आणि आधार यांचा मेळ बसल्याखेरीज निगमाच्या काट्यावर गाडी लागणार नव्हती. “कापूस पिकवायचा का मोबाईल चालवायचा?” हा प्रश्न त्यातून उद्भवला. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते पाण्याखाली गेली असताना हे दोन्ही निकष पुरे करणे सर्वांनाच शक्य होते, असे म्हणता येणार नाही.

“बोंडअळी लागणारच नाही म्हणं”

आता थोडे मागे जाऊ. २६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांस मान्यता दिली. ही वाणे महिको या कंपनीची होती. ही कंपनी शेजारच्या जालना शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केलेली असल्याने ही बातमी मराठवाड्यास जवळची होती.

मातीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्याने झाडातच बोंडअळीस मारक असे प्रथिन तयार होते, हे त्यातील शास्त्र. कट्ट्यावर पोहोचेपर्यंत त्याचे रूप बदलले. “बोंडअळी लागणारच नाही म्हणं, फवारणीच नको,” असे लोक बोलू लागले. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर या प्रथिनाचा परिणाम होत नाही, ही गोष्ट मागे पडली. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पाकिटातच मागे पडली. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या कपाशीचे बियाणे दिले जात असे. शेताच्या कडेने ते लावणे आवश्यक होते. बीटी पचवू शकणारी एखादी अळी निपजलीच, तर तिच्या पतंगाचा संकर साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगांशी व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणारी निघावी, हा त्यामागील विचार होता.

शेतकऱ्यांनी या बियाण्यास ‘रेफ्युजी’ असे नाव दिले आणि बहुतेकांनी ते बाजूला टाकले. अळीला मुद्दाम खाऊ घालण्यासाठी चार ओळी का लावाव्यात, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे सरळ उत्तर आमच्या पत्रकांत नव्हते. ‘प्रतिकारक्षमता व्यवस्थापनार्थ आश्रित पिकाची लागवड करावी’ अशी वाक्ये आम्ही छापली. ज्याने ती वाचली, त्याच्या हाती काही लागले नाही. या मजकुरास प्रस्तुत लेखकाचाही हात लागलेला आहे. पुढे साधे बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. समजावून सांगण्यात आलेल्या अपयशाचीच ती एक प्रकारे कबुली होय.

दराविषयीचे मत

दराच्या बाबतीत कट्टा अधिक अचूक ठरला. आरंभीच्या वर्षांत एका पाकिटास १,६०० रुपये व त्याहून अधिक मोजावे लागत. २००५ साली यातील १,२५० रुपये केवळ जनुकाच्या वापराचे शुल्क होते. “बियाणं कमी अन् कंपनीचा कर जास्त” हे लोकांचे म्हणणे अशा रीतीने आकड्यांनीच खरे ठरविले. आंध्र प्रदेश शासनाने हा प्रश्न २००६ साली मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा आयोगापुढे नेला आणि त्याच वर्षी पाकिटाचा दर ७५० रुपयांवर आला. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याचा पुरवठा व विक्री किंमत यांविषयी स्वतंत्र कायदा केला. केंद्राचा दर नियंत्रण आदेश डिसेंबर २०१५ मध्ये निघाला. जनुकाचे शुल्क २०१६ साली ४९ रुपये, २०१८ साली ३९ रुपये, २०१९ साली २० रुपये असे उतरत २०२० पासून शून्य झाले. दुहेरी जनुकाच्या वाणाच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या खरिपात ९०१ रुपये होती.

कट्ट्यावर वर्षानुवर्षे बोलले जाणारे मत येथे फळास आले. कोणीतरी त्याला आकडे जोडले आणि ते योग्य त्या ठिकाणी लेखी मांडले, एवढेच त्यामागील कारण आहे.

शेंदरी अळी आणि २०१७

जुने शेतकरी जिला शेंदरी बोंडअळी म्हणत, तीच आताची गुलाबी बोंडअळी. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, मका यांवरही जगते. गुलाबी अळीचे पोट प्रायः कपाशीवरच अवलंबून असते. त्यामुळे सर्व शिवारात एकच बीटी कपाशी उभी राहिली, तेव्हा तिला तग धरण्यासाठी स्वतःस बदलणे भाग होते. मे महिन्यातील लागवड आणि जानेवारीनंतर घेतली जाणारी फरदड यांमुळे तिला जवळजवळ वर्षभर खाद्य मिळत राहिले. बोंडाच्या आत शिरल्यावर बाहेरून ती दिसत नाही. पाकळ्या न उमलता मिटलेली डोमकळी हीच काय ती तिची आगाऊ सूचना. २००६ साली आलेल्या दुहेरी जनुकाच्या वाणासही ती पुढे जुमानीनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील कपाशीचे मोठे नुकसान झाले.

डिसेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने हेक्टरी मदत जाहीर केली. जिरायतीस ३०,८०० रुपये आणि बागायतीस ३७,५०० रुपये. या रकमेतील १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून, ८,००० रुपये पीकविम्यातून आणि उर्वरित भाग आपत्ती निवारणाच्या निधीतून यावयाचा होता. कंपन्यांनी आपल्या वाट्यास हरकत घेतली. २००९ च्या कायद्याखालील ‘जी’ नमुन्यातील तक्रार अर्ज शेतकऱ्यांकडून भरून घेण्यात आले आणि तेथे पावतीचा प्रश्न उभा राहिला.

कोणत्या कंपनीचे, कोणते वाण, कोणत्या लॉटचे बियाणे पेरले, हे पावतीशिवाय सांगावे कसे? अनेकांकडे ती नव्हती. ती का नव्हती, हेही समजून घेतले पाहिजे. मागणी असलेले वाण छापील किमतीहून चढ्या दराने विकणे आणि त्याबरोबर नको असलेले खत किंवा औषध गळ्यात बांधणे, यास बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. अशा व्यवहारात पावती मागणाऱ्यास माल संपल्याचे सांगितले जाते. पेरणी तोंडावर आलेली असते. उधारी त्याच दुकानाची असते. “पावती मागून का वैर घ्यायचं?” हे मत आळसातून आलेले नाही, गरजेतून आलेले आहे. पंचायत समितीचे सदस्य, कृषी अधिकारी व गुणनियंत्रण निरीक्षक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुकानांवर स्वतः उभे राहिले, तर ही गरज पुष्कळ अंशी कमी होईल. भित्तिपत्रकांनी ती होणार नाही.

शेतकरी ग्राहक आहे काय?

बियाणे घेणारा शेतकरी ते व्यापारासाठी घेतो, म्हणून तो ग्राहक नव्हे, असा युक्तिवाद बियाणे विकणाऱ्यांकडून दीर्घकाळ केला गेला. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी तो फेटाळला. बियाणे कायद्यात स्वतंत्र तरतुदी असल्या, तरी शेतकऱ्यास ग्राहक मंचाकडे जाता येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आणखी एक मुद्दा तितकाच मोलाचा आहे. शेतकरी आणलेले सर्व बियाणे पेरतो, पुढे भांडण होईल या विचाराने तो नमुना राखून ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. ग्राहक चळवळीस पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीच्या रूपाने वळण दिले, त्या काळात ही चळवळ शहरी समजली जात असे. या निकालाने ती शिवारापर्यंत आणली.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्यास तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील देणेही सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आयोगाकडे जाण्यापूर्वीचा टप्पा मात्र तालुक्यातच पार पडतो, आणि खरा निकाल बहुधा तेथेच ठरतो. उगवण झाली नाही अथवा वाण भेसळीचे निघाले, तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार द्यावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी व पंचनामा करते. पीक मोडून दुबार पेरणी केल्यानंतर तिला पाहण्यासारखे काही उरत नाही. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. नमुना राखला नाही म्हणून न्यायालय शेतकऱ्यास दोष देत नसले, तरी पंचनाम्याची उणीव भरून काढणे कठीण जाते.

शिक्षकांना येथे एक काम सुचवावेसे वाटते. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरावयाचे असेल, तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजणे, हा शाळेत सहज होणारा प्रयोग आहे. कपाशीचे पाकीटबंद बियाणे मात्र विषारी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये.

बियाण्याची पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरचे लेबल व लॉट क्रमांक शाबूत राहतात. रिकामी पिशवी आणि चिमूटभर बियाणे पावतीसह ठेवावे. आता दुकानांत यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या मिळू लागल्या आहेत. त्यांवरील अक्षरे पत्र्याच्या घरातील उन्हाळ्यात फिकट होऊन जातात. म्हणून खरेदीच्या दिवशीच पावतीचे व पिशवीचे छायाचित्र मोबाईलमध्ये काढून ठेवावे, आणि ज्याच्याकडे तसा मोबाईल नसेल त्याच्यासाठी ग्रामपंचायत कार्यालयाने ते काढून द्यावे.