बंदूकवाले आणि डाववाले

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी ‘एज ऑफ एम्पायर्स’वाला आणि चिरंजीव ‘काउंटर-स्ट्राइक’वाले. माझा खेळ १९९७ सालचा. शेती करा, लाकूड तोडा, सोनं खणा आणि मग सैन्य उभारा. एकेक डाव तासभर चालतो. बुद्धिबळावर वाढलेल्या माणसाला हे मानवणारच. चिरंजीवांचा खेळ म्हणजे नुसती ‘ठो-ठो’, हे माझं मत मी रोज जेवताना ऐकवत असे. परिणाम एवढाच झाला की, तो ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागला.

शेवटी सौभाग्यवतींनी सुनावलं, “अहो, तो खेळतो काय ते एकदा बघा तरी!”

बघितलं. पाच जणांनी बॉम्ब लावायचा, समोरच्या पाच जणांनी तो लावू द्यायचा नाही. फेरी दोन-अडीच मिनिटांची. मेलेला गडी फेरी संपेपर्यंत बाहेर. एका फेरीत सगळे साध्या पिस्तुलावरच निघाले. मी विचारलं, तर म्हणाला, “बाबा, पैसे साठवतोय. ही फेरी गेली तरी चालेल, पुढची घ्यायचीय.” मी चमकलो. हा तर माझाच हिशेब!

मग बंदूकवाल्यांचीच गर्दी जास्त का? मला वाटतं, तिथे हार-जीत लगेच कळते, बघणाऱ्यालाही आणि खेळणाऱ्यालाही. शिवाय हार पाच जणांत वाटली जाते. माझ्या खेळात दहाव्या मिनिटाची चूक चाळिसाव्या मिनिटाला उमगते आणि तिला वाटेकरी कुणी नसतो.

पण डावपेचांना प्रेक्षक नाहीत असं मात्र नाही. १९९८च्या ‘स्टारक्राफ्ट’ने दक्षिण कोरियाला वेड लावलं. अशा सामन्यांसाठी तिथे स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिन्या निघाल्या. त्यातले कसलेले खेळाडू माउस आणि कळफलकावर मिनिटाला तीनशेच्या आसपास हालचाली करतात. म्हणजे डाववाल्याला हात लागतो आणि बंदूकवाल्याला डोकं. भांडण कशावरून होतं, तेच मला कळेना.

चिरंजीवांनी माउस माझ्या हाती दिला. पहिल्याच वळणावर मी गारद! मागून आवाज आला, “असू दे बाबा, पुढची फेरी आहे.” माझ्या डावात हरल्यावर असं म्हणणारं कुणी नसतं.

त्या रात्री त्याचं ताट टेबलावर आलं. मीही भाषण केलं नाही.