पणजोबांची पलटण शोधूया!

आजीला एक प्रश्न विचारून बघा. 'आपल्या घरातलं कुणी महायुद्धात होतं का गं?' सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडची आजी असेल, तर कदाचित उत्तर येईल, 'होते तर! माझे आजेसासरे बसऱ्याच्या लढाईला गेले होते.' कधी? 'ते काही ठाऊक नाही बाई.' कुठल्या पलटणीत? 'मराठा पलटण म्हणायचे.' झालं, माहिती संपली.

संपली? छे! शोध तर इथून सुरू होतो.

आधी थोडा हिशोब करू. पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ चं, दुसरं १९३९ ते १९४५ चं. १९१६ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई १८९६ चा, म्हणजे तुमचे खापरपणजोबा. १९४४ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई १९२४ चा, म्हणजे तुमचे पणजोबा. पहिल्या युद्धात भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. दुसऱ्या युद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात पोचली. राज्य इंग्रजांचं होतं, त्यामुळे हे सैन्यही त्यांच्याच हुकमावर चालायचं.

या सगळ्यांच्या हातात बंदूक नव्हती बरं का! कुणी खेचरं हाकायचे, कुणी पाणी पोचवायचे, कुणी स्वयंपाक करायचे, कुणी जखमींना डोलीतून न्यायचे. कोकणातले खलाशी बोटींवर राबायचे. 'आमचे पणजोबा नुसती खेचरं सांभाळायचे' म्हणून नाक मुरडू नका. डोंगरात खेचर पोचलं नाही, तर तोफेला गोळा नाही आणि शिपायाला भाकरी नाही!

पुरावा पहिला : पदक

घरात एखादं जुनं पदक आहे का? मग ते न पुसता तसंच हातात घ्या. चांदीचं पदक आजीच्या निरांजनासारखं काळं पडलेलं असेल. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, तोच हा काळेपणा. पण म्हणून चिंच-राखेने खसाखसा घासलंत, तर काळ्या थराबरोबर थोडी चांदीही जाते आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात. ती अक्षरं तर आपल्याला हवी आहेत!

पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर नाव पुढे किंवा मागे नसतं, ते असतं कडेवर. रुपयाच्या नाण्याची कड जशी असते ना, तिथे. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, सगळं इंग्रजीत. वाचता येत नसेल तर खोलीत अंधार करा आणि टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडा. खोलगट अक्षरांत सावली साचते आणि नाव उमटून येतं. मग लगेच फोटो काढून घ्या.

या युद्धाचं एक पदक चांदीचं असायचं. दुसरं ब्राँझचं, त्यावर पंख पसरलेली विजयदेवता आणि पट्टी इंद्रधनुष्याच्या रंगांची. त्याच्या मागच्या मजकुरात युद्धाचं नाव नुसतं 'महायुद्ध' असं आहे. पहिलं की दुसरं ते नाही. का बरं? कारण दुसरं होणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

दुसऱ्या महायुद्धात सहा टोकांचे तारे मिळाले. ताऱ्यावर मधोमध इंग्रजीत त्याचं नाव असतंच, पण खरी गंमत पट्टीच्या रंगांत आहे. पट्टी लाल, पांढरी आणि हिरवी असेल, तर तो इटलीचा तारा. इटलीच्या झेंड्याचे रंग आठवा! फिकट वाळूच्या रंगाची पट्टी असेल, तर आफ्रिकेचा तारा, कारण लढाई वाळवंटातली. आणि गडद निळ्या पट्टीवर मधे रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना नारिंगी रेघा? तो ब्रह्मदेशाचा तारा. पट्टी पाहिलीत आणि पणजोबा साधारण कुठल्या आघाडीवर होते ते कळलं!

पुरावा दुसरा : पलटणीचा आकडा

आता शोधातली सगळ्यात महत्त्वाची युक्ती. साध्या भारतीय शिपायाचे स्वतःचे कागद क्वचितच हाती लागतात. म्हणून माणूस सापडेना, तर त्याची पलटण शोधायची. पलटण एकत्र हलायची. पलटण कुठे होती ते कळलं, की त्या वेळी पणजोबा साधारण कुठे होते तेही कळतं.

पण आकडे जरा चकवतात. पहिल्या युद्धात मराठा पलटणींचे नंबर होते १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. मग १९२२ साली सैन्याची नवी मांडणी झाली आणि त्या सगळ्या एकाच पाचव्या रेजिमेंटमध्ये आल्या. १०३ ची झाली १/५, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण. ११० ची झाली ३/५. त्यामुळे खापरपणजोबांच्या पदकावर ११० आणि पणजोबांच्या कागदावर ३/५ दिसलं, तर दोघं एकाच पलटणीत होते!

आणि काय पलटणी होत्या या! १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी इराकमध्ये कूत नावाच्या गावात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने तुर्की सैन्याचा वेढा. धान्य होतं, पण दळायचं कशावर? मग विमानातून पॅराशूटने जात्याचे दगड खाली सोडण्यात आले. पुढे धान्यही संपत आलं, तेव्हा विमानांतून पिठाची पोती टाकली. तरी पुरलं नाही, शेवटी शरण जावं लागलं. इराकमधल्या बसऱ्याला गेलेल्या कित्येक शिपायांच्या वाट्याला हे कूत आलं.

आता आकडे वापरून पुढे चला. ११० ची ३/५ झाली ना? दुसऱ्या महायुद्धात तीच ३/५ इटलीत होती. १० जुलै १९४४ रोजी तिथे तिचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, कारण त्यांच्या तुकडीतला दुसरा कुणी उभाच राहिला नव्हता. मशीनगन बंद पडली, पण ते स्वतः वाचले नाहीत. ते रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. आणि १०३ ची १/५ झालेली पलटण? तिचे शिपाई नामदेव जाधव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून सुखरूप आणलं. मग शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना ठोकली, बाकीच्यांना पुढे बोलावण्यासाठी! दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालं. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं आहे.

प्रत्येक पलटणीचे अधिकारी युद्धात रोजनिशी लिहायचे. मुक्काम कुठे, पाऊस किती, जखमी किती. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा रोजनिशा जपलेल्या आहेत. साध्या शिपायाचं नाव त्यांत फारसं येत नाही, पण त्याचा दिवस कसा गेला ते कळतं.

पुरावा तिसरा : दगड आणि यादी

गावात चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे का बघा. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतले इतके मरण पावले, असा मजकूर तिच्यावर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले.

पण पाटीवर बहुतेक आकडाच असतो, नावं नसतात. परदेशातही काही ठिकाणी तेच झालं. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४७०० हून अधिक भारतीयांची नावं कोरली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र भारतीय अधिकाऱ्यांची नावं आणि साध्या शिपायांची फक्त संख्या! हा अन्याय झाला, असं हे काम पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननेही २०२१ मध्ये मान्य केलं. शिपायांची नावं कमिशनच्या नोंदवह्यांत आहेत आणि आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. कधी कधी नावापुढे वडिलांचं किंवा बायकोचं नाव आणि गावही मिळतं.

तिथे शोधताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्या यादीत फक्त मृत्यू पावलेले सैनिक आहेत. पणजोबा घरी परतले असतील तर तिथे सापडणार नाहीत. दोन, इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं नाव लिहिलंय, तेव्हा स्पेलिंग बदलून बदलून बघा. तीन, जिल्हे जुने आहेत. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता.

आता तुमची पाळी

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा 'घरच्यांनी सांगितलं', दुसऱ्यात 'वस्तूवर दिसलं', तिसऱ्यात 'कागदात मिळालं'. घरातली जुनी पेन्शनची पुस्तकं, फोटोंच्या मागचा मजकूर, सगळं पाहा. मोठ्या माणसांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पणजोबा मराठा पलटणीत असतील, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र लिहा. पत्रात नंबर, नाव आणि पलटण न विसरता लिहा.

तिन्ही रकाने जुळले नाहीत तर? काका म्हणतात आफ्रिका आणि पदकाची पट्टी म्हणते इटली! लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आफ्रिकेत लढलेल्या कित्येक भारतीय तुकड्या पुढे इटलीत उतरल्या होत्या, त्यामुळे दोन्ही खरं असू शकतं. नाहीतर पदक पणजोबांच्या भावाचं असेल आणि घरातून एक नाही, दोघं गेले असतील. मग काय, वहीत आणखी एक पान उघडा आणि लागा कामाला!